पिवळे थेंब, निळा प्रकाश आणि नंतरचे सहा महिने

गेल्या डिसेंबरात माझ्या एकोणीस वर्षांच्या भाच्याच्या उजव्या डोळ्यावर कोल्हापुरात उपचार झाले. पंधरा दिवसांनी देवगडच्या घरी पडवीत बसून तो मला म्हणाला, ‘‘मामा, माका आदीपेक्षा कमीच दिसता.’’ त्याच्या आईचा चेहरा उतरला. उपचार फसला, असाच अर्थ तिने काढला. वास्तविक त्या टप्प्यावर कमी दिसणे हा बरे होण्याचाच भाग असतो. मात्र ही गोष्ट रुग्णाला आणि घरच्यांना आधीच नीट समजावून सांगितली जात नाही, आणि म्हणून ती येथे जरा विस्ताराने लिहितो.

भाच्याला केराटोकोनस आहे. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. निरोगी पारपटल मध्यभागी साधारण 540 मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते, आणि त्याच्या जाडीचा सुमारे नव्वद टक्के भाग म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचा थर असतो. बंदरावर जुने जाळे दुरुस्त होताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा आजार चटकन समजेल. गाठी सैल झालेले जाळे जसे भार पडताच एका जागी झोळीसारखे लोंबते, तसे तंतूंमधले बंध दुबळे झालेले पारपटल डोळ्यातील दाबामुळे पातळ होत पुढे शंकूसारखे फुगते. आजार बहुधा किशोरवयात सुरू होतो आणि तिशी-चाळिशीपर्यंत वाढत राहतो. चष्म्याचा तिरका नंबर दर काही महिन्यांनी बदलू लागतो आणि शेवटी चष्म्याने स्पष्ट दिसणेच थांबते.

भाच्यावर झालेल्या, हा आजार थोपवणाऱ्या उपचाराला आपल्याकडे सी-थ्री-आर म्हणतात. त्यात तंतूंमध्ये नव्या गाठी मारल्या जातात. मूळ पद्धतीत पारपटलावरची सुमारे 50 मायक्रॉनची पातळ त्वचा मधल्या भागातून काढतात, अर्धा तास रायबोफ्लेविनचे, म्हणजे जीवनसत्त्व ब-2 चे, पिवळेधमक थेंब घालतात आणि मग अर्धा तास सुमारे 370 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश सोडतात. प्रकाश, रायबोफ्लेविन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या अभिक्रियेतून तंतू एकमेकांशी जोडले जातात. रायबोफ्लेविन बराचसा अतिनील प्रकाश स्वतःच शोषून घेत असल्याने आतल्या भागाचे रक्षणही होते. त्यासाठी पारपटल किमान 400 मायक्रॉन जाड असावे लागते. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे विकसित झालेल्या या पद्धतीचे रुग्णांवरील पहिले निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाले. निसर्गही हेच काम सावकाश करतो: वय वाढते तसे पारपटल आपोआप ताठ होत जाते, आणि म्हणूनच चाळिशीनंतर हा आजार सहसा थबकतो.

उपचारानंतरचे पहिले दोन-तीन दिवस मात्र कठीण असतात. शरीरात सर्वांत दाट मज्जातंतू पारपटलात आहेत आणि वरची त्वचा काढल्याने त्यांची टोके उघडी पडलेली असतात. डोळ्यात वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. भाच्याने दोन दिवस माजघरात खिडकी लावून काढले. या काळात डोळ्यावर पट्टीसारखे काम करणारी मऊ लेन्स असते. कडांकडच्या पेशी सरकत येऊन जखम बहुधा तीन ते पाच दिवसांत झाकतात, आणि मग डॉक्टर ती लेन्स काढतात. ती आधीच निसटून पडली, तर उचलून परत घालू नये. लगेच दवाखान्यात कळवावे. वेदना थांबवणारे बधिरतेचे थेंब घरी वापरणे घातक आहे, कारण त्यांनी जखम भरणेच थांबते. तिसऱ्या दिवसानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, चिकट स्राव आला किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि तेव्हा एक रात्रही थांबू नये. फोंडाघाट उतरून आलेल्या माणसाला परत घाट चढायचा कंटाळा येतो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच लेन्स निघेपर्यंत आम्ही कोल्हापुरातच राहिलो.

आता त्या कमी दिसण्याविषयी. अतिनील प्रकाशाने पारपटलाच्या पुढच्या सुमारे 300 मायक्रॉनमधील पेशीही मरतात. त्यांच्या जागी आजूबाजूच्या पेशी हळूहळू येऊन वसतात, आणि या कामाला सहा महिने लागतात. तोवर पारपटलात दव धरलेल्या काचेसारखा हलका धूसरपणा राहतो. पहिल्या महिन्यात तो वाढतो, काही महिने टिकतो आणि वर्षभरात बहुतेकांचा निवळतो. शंकूचा उंचवटासुद्धा महिन्याच्या तपासणीत थोडा वाढलेला दिसू शकतो आणि मग सपाट होऊ लागतो. नंबर जाणे हा या उपचाराचा हेतूच नाही. आहे ती नजर टिकावी, आजार पुढे सरकू नये, एवढ्यासाठी तो करतात. थोडी नजर सुधारली, तर तो वरचा लाभ समजावा.

आपल्या किनाऱ्यावर जपण्याच्या गोष्टी थोड्या निराळ्या आहेत. विहिरीत, नदीत वा समुद्रात पोहणे किमान महिनाभर बंद ठेवावे लागते, कारण अशा पाण्यात पारपटल पोखरणारे अमीबा असू शकतात. चिरेखाणीची तांबडी धूळ आणि चुलीचा धूर यांपासून दूर राहावे. दुचाकीवर डोळे पूर्ण झाकणारा चष्मा हवा. भाच्याने यंदाच्या शिमग्यात पालखी खळ्याच्या कडेला उभे राहून पाहिली, गुलालात तो गेला नाही. त्याला ते फार जड गेले.

डोळे चोळण्याची सवय सुटली नाही, तर नव्या गाठींवरही ताण येतो. ॲलर्जीने खाज सुटणाऱ्या मुलांत ही सवय बालपणापासून असते, त्यामुळे खाजेवर वेगळे उपचार घ्यावे लागतात. मुठीने डोळा रगडण्याऐवजी मिटलेल्या पापणीवर थंड ओला रुमाल ठेवणे भाच्याला जमले. दुसरे, उपचारानंतर दिलेले स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरांनी सांगितलेल्या क्रमाने कमी करत थांबवावेत. बरे वाटते म्हणून दुकानातून दुसरी बाटली आणून ते चालू ठेवल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि तो दुखत नसल्याने कळतही नाही.

जूनमध्ये, पहिल्या पावसात, आम्ही सहा महिन्यांच्या तपासणीला गेलो. पारपटलाच्या रंगीत नकाशात शंकूचा उंचवटा दाखवणारा लाल डाग होता तेवढाच होता, वाढलेला नव्हता. त्याला आता कडक लेन्स बसवली आहे आणि तिच्यातून तो एसटीची पाटी लांबून वाचतो. हा आजार कुटुंबात एकाहून अधिक जणांना होऊ शकतो, म्हणून त्याच दिवशी त्याच्या धाकट्या बहिणीच्या डोळ्यांचाही नकाशा काढून घेतला. तो आज निर्दोष आहे. ती चौदा वर्षांची आहे आणि पुढच्या जूनमध्ये तो पुन्हा काढायचा आहे.