विंडोज सोडून लिनक्स टाकायचं तर सगळे मिंटच का सुचवतात, त्यामागची गोष्ट

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि इथे गोव्यात ओळखीतल्या किती जणांनी तोच प्रश्न विचारला, की लॅपटॉप ठणठणीत आहे पण विंडोज 11 घेत नाही, लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी खुली ऑपरेटिंग सिस्टम) टाकायचं तर कुठलं? विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण 8व्या पिढीपासून पुढचा लागतो, त्यामुळे 2016 च्या आसपासची चांगली मशिनं बाहेर पडली. 2014 ला एक्सपी गेलं, 2020 ला विंडोज 7 गेलं, तेव्हाही लोक असेच लिनक्सकडे वळले होते.

मुळात लिनस टोरवाल्ड्सने 1991 मध्ये हेलसिंकीत शिकत असताना बनवलं ते फक्त कर्नल, म्हणजे सिस्टमचा हार्डवेअर सांभाळणारा गाभा. नुसत्या कर्नलवर तुम्ही पत्रसुद्धा टाइप करू शकत नाही, त्याला डेस्कटॉप, प्रोग्रॅम, इन्स्टॉलर जोडून कोणीतरी गठ्ठा बांधावा लागतो आणि तो गठ्ठा म्हणजे डिस्ट्रो. कोड सगळ्यांना खुला, म्हणून गठ्ठे बांधणारेही भरपूर. 1993 ला स्लॅकवेअर आलं, त्याच वर्षी डेबियन, मग रेड हॅट. पण तेव्हा पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, हाताने करायचं, मॉनिटरचे आकडे फाइलमध्ये भरायचे, विंडोजवाल्याने तिकडे फिरकूच नये अशी अवस्था. आपल्याकडे नेट डायलअपचं, त्यामुळे बऱ्याच जणांना लिनक्स पहिल्यांदा भेटलं ते पीसीक्वेस्टसारख्या मासिकाच्या सीडीवर. गोव्यात मात्र 2000 नंतर शाळांसाठी जुने कॉम्प्युटर आणून त्यावर लिनक्स चालवण्याचा एक प्रकल्प झाला, लायसन्सचा खर्च नको म्हणून, आणि मला त्याचं अजून कौतुक वाटतं.

विंडोजवाल्यांसाठी खरा दरवाजा उघडला तो नॉपिक्सने, असं माझं ठाम मत आहे. 2000 साली क्लाउस नॉपरने अशी सीडी काढली की ती घालून मशिन चालू केलं की लिनक्स थेट चालायचं, हार्डडिस्कला हात न लावता. सगळ्यात मोठी भीती, माझा डेटा जाईल ही, तिथेच संपली! आज आपण पेनड्राइव्हवरून करतो ते हेच.

मग 2004 ला मार्क शटलवर्थने डेबियनवर उबुंटू उभं केलं. वाट्टेल त्याला फुकट सीडी पोस्टाने घरी पाठवायचे, 2011 पर्यंत हे चाललं. पण त्याच 2011 ला उबुंटूने युनिटी नावाचा वेगळाच डेस्कटॉप लावला, ग्नोम या आधीच्या डेस्कटॉपनेही रूप पार बदललं आणि जुनी सवय असलेले लोक वैतागले. 2006 पासून चालत आलेल्या लिनक्स मिंटने तेव्हा उलट बाजू धरली, खाली पट्टी, डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, आणि त्यासाठी सिनामन हा स्वतःचा डेस्कटॉप बनवला. विंडोज 7 वाला त्यात पाच मिनिटांत रुळतो, म्हणून आज पहिलं नाव मिंटचं येतं. झोरिनही 2009 पासून विंडोजवाल्यांसाठीच आहे. डेबियन आजोबा, उबुंटू मुलगा, मिंट आणि झोरिन नातवंडं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे, कारण एकावर शिकलेलं बहुतेक सगळं दुसऱ्यावर चालतं आणि चुकीचं निवडलं म्हणून काही बिघडत नाही.

मराठीचं सांगायलाच हवं. एकेकाळी लिनक्सवर जोडाक्षरं तुटायची, पण 2004 ला रेड हॅटने लोहित फॉन्ट खुले केले, बाकीचीही कामं होत गेली, आणि आता मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे सारखाच. फक्त डीटीपीवाल्यांनी, ज्यांचं पोट श्रीलिपी (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) आणि फोटोशॉपवर आहे त्यांनी, विंडोज काढू नये, सोबत ठेवावं. बाकीच्यांनी आधी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून वायफाय, प्रिंटर, आवाज बघावा, जमलं तर डेटाचा बॅकअप घ्यावा आणि मगच मिंट इन्स्टॉल करावं. मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत.