गोंड-गोवारी वाद

विदर्भातील गोवारी समाज अनुसूचित जमातीत मोडतो की नाही, याविषयीचा दीर्घकाळ चाललेला वाद. गावची गुरे राखणे हा गोवाऱ्यांचा पिढीजात धंदा. दिवाळीत गायगोधनाला उंच बांबूची ‘ढाल’ नाचवत गोठ्यागोठ्यांतून फिरणारे ते हेच.

भांडण मागासलेपणाचे नाही, नावाचे आहे. महाराष्ट्राच्या जमातींच्या यादीत गोंडांच्या नोंदीखाली (क्र. १८) ‘गोंड गोवारी’ असे लिहिले आहे, नुसते ‘गोवारी’ कुठेच नाही. दोन शब्दांमधला स्वल्पविराम राहून गेला, असे आंदोलक म्हणतात. गोवारी वेगळे, गोंड गोवारी वेगळे, असे विरोधक सांगतात. त्यांत आदिवासी संघटनाही आहेत, कारण गोवाऱ्यांना द्यायचा हिस्सा त्यांच्या राखीव जागांतून जाणार. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात गाय-गोवारी, इंगा आणि मारिया ऊर्फ गोंड-गोवारी असे पोटभेद दिले आहेत. इंग्रज अमदानीतल्या त्या वर्णनाचा कीस शंभर वर्षांनी न्यायालयात पडला. गुराख्याच्या पोराला व्हॅलिडिटी (जमातीच्या दाखल्याची पडताळणी) मिळणार की नाही, हे मात्र तेवढ्यावर अडलेले.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर गोवाऱ्यांचा मोर्चा आला. पोलिसांनी तो अडवला. लाठीमार आणि चेंगराचेंगरीत ११४ जण मेले. त्यांत बायका आणि लेकरे पुष्कळ होती. शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते. आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. १९९५ मध्ये गोवाऱ्यांना विशेष मागास प्रवर्गात घातले गेले. तिथे २ टक्के आरक्षण, तेही कोष्टी, कोळी अशा इतर जातींसोबत वाटून घ्यायचे. मागितले एक, मिळाले दुसरेच.

१४ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला : ‘गोंड गोवारी’ ही जमात १९११ पूर्वीच लोप पावली असून यादीतले ते नाव गोवाऱ्यांचेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी तो फिरवला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४२ खालील जमातींची यादी जशी आहे तशीच वाचायची, तीत फेरफार करण्याचा अधिकार संसदेचा, अशी त्यामागची भूमिका. मधल्या काळात झालेले प्रवेश आणि नेमणुका तेवढ्या वाचल्या.

नागपुरात झिरो माइलजवळच्या गोवारी स्मारकावर दर २३ नोव्हेंबरला समाज गोळा होतो. तिथून जवळच्या सीताबर्डीतील उड्डाणपुलाचे नाव आहे : ‘आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल’. यादीत जो शब्द मिळाला नाही, तो पुलाच्या पाटीवर आहे.