बाळाचा हातात धरून खाण्याचा खाऊ : एकदम शिजवून गोठवण्याची पद्धत

वरचे अन्न सुरू झालेल्या बाळाला स्वतःच्या मुठीत धरून खाता येतील असे मऊ पदार्थ आठवड्या-पंधरवड्याने एकदम शिजवायचे, सुटे सुटे गोठवायचे आणि रोज लागतील तेवढेच तुकडे गरम करून द्यायचे, अशी ही पद्धत आहे. रताळ्याच्या फोडी, मुगाची धिरडी, नाचणीची घावने, इडलीच्या पट्ट्या, खिम्याच्या टिक्क्या हे त्यातले नेहमीचे पदार्थ. साधारण सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत तिचा सर्वाधिक उपयोग होतो.

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर दुधाच्या जोडीने वरचे अन्न, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. महाराष्ट्रात उष्टावणही याच सुमारास होते. त्यानंतर परंपरेने दिले जाणारे नाचणीचे सत्त्व, मुगाचे कढण, गुरगुट्या भात, कोकण-गोव्याकडचे खिमट हे सगळे वाटी-चमच्याचे पदार्थ. ते रोज ताजे करायला सोपे असतात आणि तसेच करावेत. हाती धरायच्या खाऊचे गणित वेगळे आहे. डाळ भिजवा, वाटा, घावन काढा, आणि बाळ खाणार त्यातली एक पट्टी. म्हणूनच हा खाऊ एकदम करून ठेवण्याची सोय शोधली जाते. नोकरदार घरांत ही गरज नेमकी याच वयात उभी राहते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली, पण त्यातले ८ आठवड्यांपर्यंत प्रसूतीआधी घेता येतात. त्यामुळे बाळ पहिला घास घेते त्या सुमारास आई कामावर रुजू झालेली असते आणि बाळाचा डबा पाळणाघरात जायला लागतो.

घरातल्या मोठ्यांचा पहिला आक्षेप 'बाळाला शिळे कशाला?' हा असतो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. उणे १८ अंश सेल्सियसला जंतूंची वाढ थांबते, पण जंतू मरत नाहीत. फ्रीझर अन्न स्वच्छ करत नाही. ते ज्या अवस्थेत आत गेले त्याच अवस्थेत थांबवतो. गॅस बंद झाल्यापासून पदार्थ गोठेपर्यंतचे दोन-चार तास इथे निर्णायक असतात. दुपारभर ओट्यावर राहिलेली धिरडी रात्री गोठवली तर ती शिळीच गोठतात.

कोणत्या वयात कोणता आकार. बाळ आधाराने ताठ बसते, मान स्थिर असते, हाती लागलेली वस्तू नेमकी तोंडाकडे नेते आणि जिभेने घास बाहेर ढकलणे कमी झालेले असते, तेव्हा हा खाऊ सुरू करता येतो. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत बालरोगतज्ज्ञाला विचारूनच सुरुवात करावी. सहा-सात महिन्यांचे बाळ पूर्ण मुठीने धरते आणि मुठीच्या आतला भाग त्याला खाता येत नाही. म्हणून तुकडा मोठ्या माणसाच्या बोटाएवढा, ६-७ सेंमी लांब आणि दीड-दोन सेंमी जाड असावा, म्हणजे अर्धा मुठीबाहेर राहतो. नवव्या महिन्याच्या आसपास अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमू लागते. तेव्हा हरभऱ्याएवढे मऊ तुकडे चालतात. गोठवताना मात्र सगळे लांबटच ठेवावे. मोठा तुकडा गरम झाल्यावर बारीक करता येतो, बारीक गोठवलेले तुकडे कोरडे पडतात. मऊपणाची कसोटी एकच: अंगठा आणि तर्जनीत धरून दाबले की तुकडा सहज चिरडला पाहिजे. ही कसोटी पुन्हा गरम केल्यावर घ्यायची, गोठवण्याआधी घेतलेली पुरत नाही.

गोठवायला काय चालते. घरचा फ्रीझर सावकाश गोठवतो. त्यामुळे पदार्थातल्या पाण्याचे मोठे स्फटिक होतात, ते वनस्पतीच्या पेशी फोडतात आणि वितळल्यावर पाणी सुटते. त्यामुळेच काकडी, दुधीच्या नुसत्या फोडी आणि टोमॅटो लिबलिबीत होतात. उकडलेला बटाटा रवाळ आणि पाणचट होतो. टिक्कीत बांधायला काही हवे असेल तर त्याऐवजी रताळे किंवा लाल भोपळा घ्यावा. पनीर भुसभुशीत होते, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो, दही फुटते. अंडे पिठात मिसळून भाजलेले असेल तर छान टिकते. इडली, ढोकळा, धिरडी, घावने, टिक्क्या, रताळे, गाजर, फरसबी हे पदार्थ भरवशाचे. पोळीच्या पट्ट्या गोठतात, पण गरम करून लगेच तूप लावून द्याव्यात. नुसत्या मऊ पोळीचा तोंडात गोळा होऊन टाळूला चिकटतो.

निवड करताना लोह डोळ्यांसमोर ठेवावे. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास ओसरू लागतो आणि आईच्या दुधात लोह कमी असते. म्हणून फ्रीझरमधली जागा नुसत्या गाजर-रताळ्यांनी भरण्यापेक्षा निम्मी तरी डाळ, अंडी किंवा खिमा यांच्या पदार्थांना द्यावी. डाळीतले लोह शोषले जाण्यास क जीवनसत्त्व मदत करते, पण ते शिजवताना बरेच कमी होते. तेव्हा लिंबाचे दोन थेंब गरम करून झाल्यावर पिळावेत.

एक वर्षापर्यंत वरून मीठ, साखर, गूळ घालू नये. मध तर अजिबात नको, कारण त्यातल्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमच्या बीजाणूंमुळे या वयात गंभीर विषबाधा होऊ शकते. जिरे, ओवा, हिंग, हळद, कोथिंबीर यांनी पुरेशी चव येते. अंडे, शेंगदाणा, गहू, मासे हे पदार्थ प्रथम एकेकटे, थोडे आणि घरी असताना द्यावेत. काही त्रास होत नाही हे कळल्यावरच ते मोठ्या घाण्यात मिसळावेत, नाहीतर पुरळ उठल्यावर कारण सापडत नाही आणि भरलेली पिशवीही वाया जाते. शेंगदाणा फक्त बारीक कुटाच्या रूपात.

काही घाणे (वाटी १५० मिलिलिटरची)

मुगाच्या धिरड्यांसाठी १ वाटी मूगडाळ चार तास भिजवून, पाणी निथळून, पाव चमचा जिऱ्यासह वाटावी. अर्धी वाटी किसलेले गाजर किंवा पिळून घेतलेला दुधी घालावा. पीठ इडलीच्या पिठाइतके दाट हवे. पातळ झाले तर धिरडे गोठल्यावर काठाला चिवट होते. दोन मोठे चमचे पीठ तव्यावर ७-८ सेंमी व्यासाचे, अर्धा सेंमी जाड पसरून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर प्रत्येक बाजू २-३ मिनिटे भाजावी. १२-१४ धिरडी होतात. तांबूस कुरकुरीत करू नयेत. कडक कड गरम केल्यावर आणखी कडक होते आणि बिनदाताच्या हिरड्यांना ती मोडत नाही.

नाचणी-केळ्याच्या घावनांना १ पिकलेले केळे कुस्करून त्यात ३ मोठे चमचे नाचणीचे पीठ आणि १ अंडे फेटायचे. पीठ दहा मिनिटे मुरू द्यावे. नाचणीला पाणी शोषायला वेळ लागतो आणि घाई केली तर घावन मधोमध भेगाळते. ६-७ लहान घावने निघतात. केळे काळे पडते, पण त्याने बिघडत काही नाही. अंडे नको असेल तर २-३ चमचे दूध घालून ती थोडी पातळ काढावीत.

रताळ्याचे काम सर्वांत सोपे: अर्धा किलो सोलून बोटाएवढ्या फोडी चाळणीत ८-१० मिनिटे वाफवायच्या. सुरी जेमतेम आरपार जाते तिथे थांबावे, कारण उरलेली शिजणी गरम करताना होते. पूर्ण मऊ करून गोठवलेली फोड बाळाच्या मुठीत लापशी होते. फरसबी आणि गाजरालाही हाच नियम.

खिम्याच्या टिक्क्यांना पाव किलो बारीक चिकनखिमा, १०० ग्रॅम उकडून कुस्करलेले रताळे, १ लहान कांदा किसून पिळलेला, थोडी कोथिंबीर. लांबट चपट्या १० टिक्क्या करून थोड्या तेलावर झाकून भाजाव्यात. आतला भाग ७५ अंशांपर्यंत तापला पाहिजे, मोडून पाहिल्यास कुठेही गुलाबी दिसता कामा नये. रताळे केवळ बांधायला नाही. ते नसेल तर खिमा गोठून कोरडा आणि दाणेदार होतो आणि बाळ तो थुंकून टाकते.

डाळ-भाताचे मुटके लोकप्रिय आहेत, पण त्यांना जास्त काळजी लागते. भातात बॅसिलस सेरिअस या जिवाणूचे बीजाणू शिजूनही जिवंत राहतात, कोमट भातात वाढतात आणि त्यांचे एक विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. मुटके करायचे असतील तर भात त्यासाठीच ताजा लावावा आणि तासाभरात मुटके फ्रीझरमध्ये गेलेले असावेत. रात्रीच्या उरलेल्या भाताचे बाळासाठी काही करू नये.

गार करणे आणि गोठवणे. शिजलेले तुकडे स्टीलच्या ताटात एका थरात, एकमेकांना न लागता पसरावेत. जाळी किंवा पातळ कापड झाकून पंख्याखाली ठेवावे. ताटाखाली बर्फाच्या पाण्याची परात ठेवली तर २०-३० मिनिटांत वाफ जाते. भाताखेरीज इतर पदार्थांना दोन तासांची मर्यादा मानतात, पण खोलीचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर तीही एका तासावर येते. विदर्भात, मराठवाड्यात उन्हाळ्याचे तीन-चार महिने हाच एक तास धरावा. कोमट असताना डबा बंद केला की वाफेचे पाणी झाकणाखाली जमते, त्याचा बर्फ होतो आणि गरम करताना तेच पाणी पदार्थ ओला करते.

गार झालेले ताट तसेच फ्रीझरमध्ये ठेवावे. तीन-चार तासांत तुकडे दगडासारखे टणक होतात. मगच ते पिशवीत भरावेत, हवा दाबून काढावी आणि पिशवी चपटी ठेवावी. ही पायरी गाळली की सगळ्यांचा एक गोळा होतो आणि एका पट्टीसाठी सगळी पिशवी वितळवावी लागते. हवा राहिली तर पृष्ठभाग पांढरट, चामड्यासारखा होतो. ते अन्न विषारी नसते, पण बाळाला चावता येत नाही. पिशवीवर पदार्थाचे नाव, तारीख आणि त्यात अंडे, गहू, शेंगदाणा असल्यास तेही लिहावे, कारण डबा दुसऱ्याच कोणाच्या हातून भरला जाऊ शकतो. कच्चे मटण-मासे त्याच फ्रीझरमध्ये असतील तर ते बंद डब्यात, खालच्या बाजूला.

किती दिवस टिकेल हे फ्रिजवर अवलंबून आहे. फ्रिजच्या दारावर चिकटवलेले तारे विजेच्या बचतीचे असतात. बर्फाच्या कप्प्याची प्रतवारी वेगळी. त्यात एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन तारे उणे १२, तीन तारे उणे १८. गोठलेले अन्न अनुक्रमे साधारण आठवडा, महिना आणि तीन महिने ठेवावे असे मानतात. एक-दारी फ्रिजचा कप्पा पुष्कळदा उणे १८ गाठत नाही, आणि बर्फाचा जाड थर साचला की आणखी मागे पडतो. अशा फ्रिजमध्ये आठवड्यापुरताच खाऊ करावा. चांगल्या फ्रीझरमध्येही बाळासाठी महिन्याची मर्यादा ठेवणे योग्य. त्यापुढे चव जाते, शिवाय बाळाच्या खाण्याची पद्धतच महिन्याभरात बदललेली असते.

गरम करणे. इडली, रताळे, मुटके गोठलेलेच इडलीपात्रात ६-८ मिनिटे वाफवावेत. गोठताना घट्ट झालेला पिठूळपणा वाफेने पुन्हा मऊ होतो. धिरडी-घावनांना तव्यावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावे. मायक्रोवेव्हमध्ये कडा पोळतात आणि मध्य गार राहतो, म्हणून तुकडा मोडून पाहावा. आधी आतपर्यंत वाफाळते, मग मनगटाला कोमट लागेपर्यंत थांबून द्यावे. थेट कोमट करून देऊ नये. वितळवायचे असेल तर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या खणात, ओट्यावर नाही. ते २४ तासांत संपवावे आणि पुन्हा गोठवू नये. बाळाच्या हाताला-तोंडाला लागलेला तुकडा ठेवू नये.

पाळणाघरात फ्रिज आणि गरम करण्याची सोय असेल तर गोठलेले तुकडे बर्फाच्या पाकिटासह डब्यात द्यावेत. घरून गरम करून दिलेले दोन-चार तुकडे थर्मासमध्येही लवकर कोमट होतात आणि दुपारपर्यंत त्याच धोकादायक तापमानात राहतात. फ्रिज नसेल तर खिमा, अंडे, भात पाठवू नये. त्याऐवजी न सोललेले केळे डब्यात द्यावे.

घास अडकणे. कच्चे गाजर, कच्चे सफरचंद, अख्खी द्राक्षे, शेंगदाणे, फुटाणे, लाह्या देऊ नयेत. दात येताना चघळायला खारीक देण्याची रीत आहे. तिचा तुकडा निघू शकतो, ती टाळावी. अर्धवट वितळलेला कडक तुकडाही याच यादीतला. बाळ सरळ बसलेले असावे आणि मोठे माणूस समोर असावे. उबळ येऊन आवाज होत असेल, चेहरा लाल होत असेल तर बाळ स्वतःच घास पुढे आणत असते. बोट घालू नये. आवाज बंद झाला, खोकला येईना, ओठ निळसर पडू लागले तर घास अडकला आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथे घेऊन, डोके खाली ठेवून खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ थापा, मग उताणे करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या मनगटाकडील भागाने ५ दाब, असे आळीपाळीने करत राहावे. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन करावा. बाळ निपचित पडले तर हृदय-फुफ्फुस पुनरुज्जीवन (सीपीआर) सुरू करावे लागते. ते आधीच प्रत्यक्ष शिकून घ्यावे.

वीज गेल्यास. स्वतंत्र दाराचा भरलेला फ्रीझर न उघडल्यास सुमारे ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास गोठलेला राहतो. एक-दारी फ्रिजमधला छोटा कप्पा याच्या बराच आधी वितळतो. घर बंद ठेवून गावाला जाताना वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवावे. परत आल्यावर नाणे वरच असेल तर खाऊ ठीक. बर्फात रुतलेले किंवा तळाला गेलेले असेल तर मधे सगळे वितळून पुन्हा गोठले आहे आणि ते टाकून द्यावे. वीज येताना घरात असाल तर पिशवी दाबून पाहावी. आत बर्फाचे खडे लागत असतील तर ती पुन्हा फ्रीझरमध्ये चालते, पूर्ण मऊ झालेली चालत नाही.