ठोसा पचवण्याची क्षमता (मुष्टियुद्ध)

जबर ठोसा बसल्यावरही भान, तोल आणि उलट मारा करण्याची ताकद टिकवून धरण्याची बॉक्सरची क्षमता. ती जबड्याच्या हाडात असते असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात हाडाचा वाटा थोडा; मान, नजर, उभे राहण्याची ढब आणि ठोसा बसण्याआधीचा क्षण यांचा फार मोठा.

बॉक्सर आडवा होतो तो मेंदूला झटका बसल्यामुळे. कवटीत मेंदू द्रवात तरंगत असतो. हनुवटी मानेच्या सांध्यापासून बरीच लांब असल्याने तिथे बाजूने हूक (कोपर वाकवून आडवा मारलेला ठोसा) लागला की डोके गर्रकन फिरते. भरलेली चरवी झटक्यात फिरवली तर आतले पाणी मागे राहते, तसा मेंदू क्षणभर मागे राहतो. त्यातले तंतू ताणले जातात आणि शुद्ध हरपते. तेवढ्याच जोराचा ठोसा सरळ कपाळावर बसला तर बहुधा पचतो, कारण डोके तितके फिरत नाही.

ठोसा बसण्याआधी मान ताठ असेल तर डोके धडाशी बांधले जाते आणि ठोशाला एकट्या डोक्याऐवजी खांद्यांचेही वजन हलवावे लागते. मराठवाड्याला इथे तालमीची पुण्याई आहे. रामलिंग मुदगडचे (जि. लातूर) रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार आणि 2019 च्या जागतिक कुस्ती स्पर्धेत कांस्यपदक मिळवणारा पाटोद्याचा (जि. बीड) राहुल आवारे यांच्या या मुलखात मानेची मेहनत पोरांना शिकवावी लागत नाही. पैलवान मातीत उताणा पडतो, टाचा आणि टाळू एवढ्यावर अंग उचलून कमान करतो आणि नाक मातीला टेकेपर्यंत मान मागे रेटतो. तीच मान रिंगमध्ये कामी येते. मात्र तालमीतून आलेल्या मुलाची एक खोड मोडावी लागते: कुस्तीत वाकून, डोके पुढे घालून भिडायचे असते, बॉक्सिंगमध्ये पुढे आलेले डोके म्हणजे समोरच्याला आयते निशाण. छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठ परिसरात भारतीय खेळ प्राधिकरणाचे केंद्र असून तेथे बॉक्सिंगचेही प्रशिक्षण मिळते.

दिसलेला ठोसा सोसवतो, न दिसलेला पाडतो. ठोसा येताना दिसला की बॉक्सर हनुवटी खांद्याआड नेतो, दात माउथगार्डवर (तोंडातल्या रबरी कवचावर) घट्ट आवळतो आणि डोके ठोशाच्याच दिशेने किंचित सोडून त्याचा जोर कमी करतो. हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच व्हावे लागते, म्हणून दमलेल्या बॉक्सरला पूर्वी पचलेला ठोसाही जड जातो. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणे तर त्याहून घातक. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. तिथे घाम गाळून वजन उतरवलेला मुलगा निम्मी लढत रिंगबाहेरच हरलेला असतो.

पोटावरचा मार पोटाचे स्नायू आवळून आणि श्वास सोडून बराचसा झेलता येतो. अपवाद उजव्या बरगड्यांखालच्या यकृताचा: तिथला ठोसा शुद्ध घालवत नाही, पण गुडघे टेकायला लावतो.

कॅनडाचा जॉर्ज चुवालो 93 व्यावसायिक लढतींत एकदाही खाली पडला नाही, तरी जो फ्रेझर आणि जॉर्ज फोरमन या अमेरिकी बॉक्सरांविरुद्ध पंचांनी त्याची लढत थांबवली होती. पचवणे आणि जिंकणे यांत अंतर आहे. 1974 मध्ये आफ्रिकेतल्या किन्शासात मुहम्मद अलीने दोरांना रेलून, हातांआड राहून जॉर्ज फोरमनला मारू दिले आणि तो दमल्यावर आठव्या फेरीत त्याला झोपवले. त्या डावपेचाचे गोडवे गाणारे बहुतेकदा हे विसरतात की अलीने बरेच ठोसे हातांवर घेतले होते, डोक्यावर नव्हे.

मार खाऊन खाऊन अंग घट्ट होते, ही समजूत डोक्याच्या बाबतीत साफ चुकीची आहे. डोक्याला बसलेले धक्के साचत जातात. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरने 1928 मध्येच बॉक्सरांमध्ये दिसणाऱ्या अडखळत्या चालीची आणि मंदावलेल्या बुद्धीची नोंद केली होती. हेडगार्डने कातडी फाटणे कमी होते, मेंदूचे फिरणे फारसे थांबत नाही. पुरुषांच्या वरिष्ठ हौशी स्पर्धांतून तो 2013 मध्ये काढण्यात आला. डोक्यावरच्या ठोशाने नॉकआउट झालेल्या हौशी बॉक्सरला किमान 30 दिवस लढत आणि स्पारिंग (सरावाची लढत) दोन्ही बंद असते, मग त्याच महिन्यात जिल्ह्याची निवड चाचणी का असेना.