बिनखुणेच्या ठोकीव पितळी भांड्यांची पारख

ज्या जुन्या भांड्यावर कारागिराचे नाव, कारखान्याचा शिक्का किंवा साल यांपैकी काहीच नाही, त्याची घडण, वय, उपयोग आणि किंमत भांड्यावरूनच ठरवण्याच्या कामाला ही संज्ञा लागू होते. कोल्हापुरात जुन्या घरांचे माळे उतरवले जातात तेव्हा घागरी, कळश्या, हंडे, घंगाळी, चरव्या आणि पाणी तापवायचे बंब अजूनही निघतात, आणि त्यांतील बहुतेक बिनखुणेचेच असतात. खूण नसणे हा त्यांचा दोष नव्हे. तांबट किंवा कासार सहसा आपल्या कामावर नाव घालत नसे. भांड्यावर टोचलेले नाव जवळजवळ नेहमी मालकाचे किंवा लग्नात आहेर करणाऱ्याचे असते. ते मोडी लिपीत असेल तर उपयोगी पुरावा ठरते, कारण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी रोजच्या व्यवहारातून मागे पडली. मात्र नाव जुन्या भांड्यावर मागाहूनही घालता येते, म्हणून भांडे निदान त्या नावाइतके जुने आहे एवढेच त्यावरून म्हणता येते.

अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या पेठांत भांडे विकायला नेले, तर ते आधी काट्यावर चढते. लोखंडी कड्या आणि कान यांचे वजन वजा करून निघणारा मोडीचा, म्हणजे भंगाराचा, भाव ही किमतीची खालची पायरी. त्याच्यावर किती द्यायचे, हा पारखीचा खरा प्रश्न असून त्याचे उत्तर भांड्याच्या चकाकीत कधीच नसते. उलट, विकण्यापूर्वी चिंच लावून लखलखीत घासलेल्या भांड्याच्या खाचांतील काळपट थर निघून जातो आणि त्याबरोबर निम्मा पुरावाही जातो.

सर्वांत बोलका भाग म्हणजे सांधा. घागरीसारखे फुगीर पोटाचे आणि अरुंद गळ्याचे भांडे पत्र्याच्या दोन-तीन भागांतून घडवून जोडत असत. एका भागाच्या कडेला दाते कापायचे, ते आलटूनपालटून दुसऱ्या भागाच्या आत आणि बाहेर बसवायचे, टाकणखार लावून जस्त अधिक असलेल्या, म्हणजेच कमी उष्णतेला वितळणाऱ्या पितळेने सांधा भरायचा आणि मग तो ठोकून सपाट करायचा, अशी ही पद्धत होती. त्यामुळे जुन्या घागरीच्या पोटावर तिरपा उजेड पाडला की किंचित फिकट पिवळी, दातेरी रेघ फिरलेली दिसते. ती अखंड आणि आतूनही तशीच दिसत असेल तर घडण हातची मानायला हरकत नाही. त्या जागी वेल्डिंगची सरळ, उंचावलेली रेघ असेल तर भांडे अलीकडचे आहे किंवा अलीकडे दुरुस्त झालेले आहे.

ठोक्यांची तपासणी आतून सुरू करावी. भांडे ऐरणीवर चढवून बाहेरून मठारले जाते, तेव्हा बाहेर लहान सपाट चकत्या उमटतात आणि आतली बाजू बरीचशी गुळगुळीत राहते. चकत्या बुडापासून वर्तुळाकार चढत जातात, एकमेकींवर थोड्या चढतात आणि गळ्याशी लहान व दाट होतात. साच्यात दाबून नक्षी उठवलेल्या भांड्यात बाहेरच्या प्रत्येक खळग्याला आत फुगवटा असतो आणि थोडे फिरवून पाहिले की तोच नमुना पुन्हा समोर येतो. तिसरा प्रकार अधिक फसवा आहे: यंत्रावर फिरवून घडवलेल्या भांड्यावर हाताने ठोके मारलेले असतात. अशा भांड्याच्या आत एकमध्य वर्तुळांच्या बारीक रेषा शिल्लक राहतात. हे काम वाईट नसते. त्याला जुने म्हणून विकणे वाईट.

वापराची झीजही पाहावी लागते. घागर जिथे कमरेला टेकते तो पोटाचा भाग आणि जमिनीवर घासणारी बुडाची कड यांवरचे ठोके बोथट झालेले असतात. सगळीकडे सारखीच झीज दिसली तर ती मुद्दाम केलेली समजावी. आत ठोक्यांच्या खोलगट भागांत पांढुरके कथील उरले असेल तर भांड्याला कल्हई होत होती, म्हणजे ते स्वयंपाकाचे होते. लोहचुंबक फक्त लोखंडावर चढवलेला मुलामा उघड करते. रंगावरून जस्ताचे प्रमाण ढोबळपणे कळते, कारण जस्त वाढले की लालसर छटा पिवळी होत जाते. क्ष-किरणांच्या यंत्राने भांडे न खरवडता हे प्रमाण मोजता येते, पण त्यातून वय निघत नाही. राजस्थानातील जावर येथे जस्त पूर्वीपासून गाळले जात असल्यामुळे अधिक जस्त म्हणजे अर्वाचीन पितळ, हा युरोपीय भांड्यांचा आडाखा इथे चालत नाही.

भेगांकडे विशेष लक्ष द्यावे. ठोकलेले पितळ कडक होते आणि मधूनमधून तापवून मऊ केले नाही तर ताण आत राहतो. अशा पितळेला जनावरांच्या मुतातून सुटणाऱ्या अमोनियाची वाफ लागली की ते उभे तडकते. ब्रिटिश अमलात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसे याच कारणाने तडकत, आणि अमोनियाचा हा संबंध 1921 मध्ये स्पष्ट झाला. गोठ्यात पडून राहिलेल्या घागरीच्या गळ्याशी दिसणाऱ्या केसासारख्या भेगा त्याच जातीच्या असतात. त्यांवर डाक, म्हणजे वितळलेल्या धातूचा जोड, दिला तरी त्या पुढे सरकतात, म्हणून अशा घागरीला मोडीपेक्षा फार अधिक देऊ नये.

फुलदाणी हे मुळात इथल्या घरातले भांडे नव्हे. जुनी म्हणून येणारी ठोकीव फुलदाणी बहुधा मुरादाबादकडची किंवा परदेशी असते. सरळ नळकांड्यासारखी, जाड बुडाची आणि बुडाच्या मधोमध गोल भोक किंवा ते बुजवल्याची खूण असलेली फुलदाणी मात्र तोफगोळ्याच्या रिकाम्या नळीपासून बनवलेली असू शकते. पहिल्या महायुद्धात अशा वस्तू पुष्कळ झाल्या. बुड आधी घासू नये. तिथे पुसट का होईना, दारूगोळ्याच्या कारखान्याचा शिक्का आणि साल राहिलेले असते, आणि बिनखुणेची म्हणून आणलेली वस्तू खुणेची निघते.

भारतीय कायद्यानुसार, म्हणजे 1972 च्या पुरावस्तू अधिनियमानुसार, किमान 100 वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तूत मोडू शकते आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे भांडे शंभरीच्या अलीकडचे की पलीकडचे, हे ठरवताना पारख्याने सांधा, ठोके आणि झीज या तिन्हींचा आधार लेखी नोंदवून ठेवावा.