बालगंधर्व की छोटा गंधर्व? नाट्यपदं ऐकताना होणारा घोळ

नाट्यसंगीत नव्यानं ऐकू लागलेल्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो: "बालगंधर्व आणि छोटा गंधर्व हे एकच ना?" प्रश्न चुकीचा असला तरी तो पडणं अगदी साहजिक आहे. दोघेही संगीत नाटकातले गायक-नट, दोघेही लहान वयात रंगभूमीवर आलेले, आणि 'सौभद्र', 'मानापमान' ही नाटकं दोघांच्याही नावाशी जोडलेली. त्यात इंटरनेटवर टाकलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर नुसतंच 'गंधर्व' लिहिलेलं असतं. म्हणून हा फरक नीट मांडावासा वाटला. कोणता आवाज कोणाचा हे कळलं की ऐकण्याची गोडी कितीतरी वाढते.

बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. जन्म १८८८चा. 'बालगंधर्व' हे नाव लोकमान्य टिळकांनी दिलं, हे बहुतेकांना माहीत असतं. १९०५च्या सुमारास ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतलेच्या भूमिकेत उभे राहिले. १९११ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'मानापमान' आलं, त्यात ते भामिनी झाले. १९१३मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६मध्ये 'स्वयंवर'मधली रुक्मिणी केली.

छोटा गंधर्व म्हणजे सौदागर नागनाथ गोरे. जन्म १९१८चा, सातारा जिल्ह्यातला. म्हणजे दोघांमध्ये तीस वर्षांचं, अख्ख्या एका पिढीचं अंतर. सौदागर तान्हे होते त्या सुमारास बालगंधर्व 'एकच प्याला'तली सिंधू, म्हणजे दारुड्या नवऱ्याची सोशिक बायको, साकारत होते, भरजरी शालूतली रुक्मिणी पाहायची सवय झालेल्या प्रेक्षकांना फाटक्या लुगड्यातल्या सिंधूसाठी रडवत होते. माझ्या मते बालगंधर्वांचं नट म्हणून मोठेपण इथे सर्वांत जास्त दिसतं. त्यांच्याबद्दल बोलताना लोक शालू, अत्तर आणि गालिचे यांतच अडकतात. सिंधूचं 'कशि या त्यजू पदाला' ऐका. त्यात आवाजाचा दिमाख दाखवण्याचा सोस कुठेच नाही. शब्द हळुवार उचलला जातो, छोटीशी हरकत, म्हणजे सुरांचं नाजूक वळण, येते आणि लगेच विरते. हे केवळ गवयाला जमलं नसतं, त्याला सिंधू कळावी लागते.

आता मुख्य फरक. बालगंधर्वांची कीर्ती स्त्रीभूमिकांची. शकुंतला, सुभद्रा, भामिनी, रेवती, रुक्मिणी, द्रौपदी, सिंधू ही सगळी नायिकांची रांग. छोटा गंधर्वांनीही कोवळ्या वयात स्त्रीभूमिका केल्या, पण रसिकांच्या मनात ते राहिले नायक म्हणून. 'सौभद्र'मधला कृष्ण, 'मानापमान'मधला धैर्यधर, विद्याधर गोखल्यांच्या 'सुवर्णतुला'मधला कृष्ण. म्हणजे नाटक तेच असलं तरी दोघे पदाच्या दोन बाजूंना उभे आहेत. 'मानापमान'मध्ये 'नाही मी बोलत नाथा' हा रुसवा भामिनीचा, म्हणून तो बालगंधर्वांच्या गळ्यातून येतो. 'या नवनवल नयनोत्सवा' हे धैर्यधराचं, म्हणून ते छोटा गंधर्वांकडे. 'सौभद्र'मधलं 'नच सुंदरि करू कोपा' किंवा 'प्रिये पहा' ही कृष्णाची पदं ऐकताना त्यांचाच आवाज कानात भरतो. शब्द कोण कोणाला उद्देशून म्हणतंय एवढं पाहिलं तरी निम्मा घोळ सुटतो. निम्माच, कारण बालगंधर्वांनी अभंग आणि भजनंही गायली. 'कान्होपात्रा'तलं 'जोहार मायबाप जोहार' हे तर चोखोबांचं. तिथे स्त्री-पुरुष ही खूण चालत नाही, कानच तयार करावा लागतो.

कान तयार करायचा म्हणजे काय ऐकायचं? बालगंधर्वांच्या गाण्यात लय अशी अंगात मुरलेली आहे की ती मोजावीशीच वाटत नाही. तान मोठी नसते. एका शब्दाभोवती सूर रेंगाळतो आणि अचूक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन टेकतो. भास्करबुवा बखल्यांची तालीम, साथीला अहमदजान थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी, एवढी श्रीमंती त्या गाण्यामागे उभी होती. त्यांच्या बऱ्याचशा तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या आहेत. नाटकात वन्समोअरवर वन्समोअर घेऊन फुलणारं पद तेवढ्यात आवरावं लागे, हे लक्षात ठेवून त्या ऐकाव्यात.

छोटा गंधर्वांचं गाणं वेगळ्या स्वभावाचं आहे. आवाज मधुर आणि पिळदार, आणि लयीशी खेळण्याची हौस दांडगी. एखादी ओळ दर वेळी नव्या वाटेनं मुखड्यावर, म्हणजे पदाच्या सुरुवातीच्या शब्दांवर, आणायची, श्रोत्याला वाटावं की आता सम चुकली, आणि नेमकं तिथेच हसत येऊन मिळायचं. त्यांच्या नाटकांची आणि मैफलींची लांबलचक ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत. त्यांत मध्येच प्रेक्षकांची दाद ऐकू येते. अशा ध्वनिमुद्रणात नायकाचं पद असेल तर ते बालगंधर्वांचं असण्याची शक्यता फारच थोडी. छोटा गंधर्व स्वतः चालीही बांधत. 'देवमाणूस' नाटकातली 'दिलरुबा मधुर हा' आणि 'चांद माझा हा हासरा' ही पदं आजही गायली जातात. 'सुवर्णतुला'चं संगीतही त्यांचंच. या बाजूबद्दल फार कमी बोललं जातं, याची मला मनापासून खंत वाटते.

दोघांना मिळालेला काळही एक नव्हता. बालगंधर्वांचं वैभव बोलपटांच्या आधीचं. १९२१ साली केशवराव भोसल्यांबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठी केलेला संयुक्त 'मानापमान' हा त्या वैभवाचा कळस. छोटा गंधर्व नावारूपाला आले ते बालमोहन नाटक मंडळीत. तोवर १९३२ साली मराठी बोलपट सुरू झाला होता आणि भलीभली नाटक मंडळी डबघाईला येत होती. बालमोहननं आचार्य अत्र्यांची 'साष्टांग नमस्कार', 'घराबाहेर', 'उद्याचा संसार', 'लग्नाची बेडी' अशी नाटकं करून प्रेक्षक टिकवून धरला. ही रात्रभर गाण्यांत रंगणारी नाटकं नव्हेत. इथे प्रसंग आणि संवाद पुढे होते आणि पदाला त्यांतून वाट काढावी लागे. त्या शिस्तीत वाढलेला हा गायक पुढे जुनी पौराणिक नाटकं घेऊन उभा राहिला आणि नव्या प्रेक्षकाला त्यानं ती आवडून घ्यायला लावली.

पडद्याची गोष्ट मात्र बालगंधर्वांचीच. १९३५मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ते संत एकनाथ झाले, म्हणजे पुरुषभूमिकेत. १९३७च्या 'साध्वी मीराबाई'त पुन्हा स्त्रीवेष घेतला, तेव्हा वय पन्नाशीला टेकलं होतं. समोर प्रेक्षक नाही, दाद नाही, तुकड्यातुकड्यांत काम, आणि जवळून पाहणारा कॅमेरा. रंगमंचावर दुरून जो भास पूर्ण होई, तो इथे होणं कठीणच होतं. ते रंगभूमीकडे परतले.

२०११चा 'बालगंधर्व' हा चित्रपट पाहून आणखी एक गैरसमज होतो, तोही सांगतो. त्यात भूमिका सुबोध भावे यांची आणि गाणी आनंद भाटे यांची. भाट्यांनी ती फार सुंदर गायली आहेत, त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण तो बालगंधर्वांचा मूळ आवाज नव्हे. आणि सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, भीमसेन जोशींचे गुरू. कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र कोमकली. हे दोघे आणखी निराळे.

सुरुवात करायची असेल तर आधी बालगंधर्वांचं 'नाथ हा माझा' ऐका, मग छोटा गंधर्वांचं 'प्रिये पहा'. दोन्ही एकाच दिवशी, लागोपाठ, आणि दुसरं शक्यतो एखाद्या लांब ध्वनिमुद्रणातलं.