भेंडीबाजार: १९४० सालाचं भाडं आणि आजचे टॉवर

मुंबईतला भेंडीबाजार म्हटलं की रमजानची खाऊगल्ली आणि पेपरातल्या गँगच्या बातम्या, यापलीकडे फारसं कुणी जात नाही. त्या दोन्हींवर भरपूर लिहून झालंय, म्हणून ते सोडतो.

१८०३ च्या आगीनंतर कोटाबाहेर, म्हणजे जुन्या तटबंदीतल्या शहराबाहेर, वस्ती वाढली. कच्छी मेमन, खोजा, बोहरी, कोकणातले मराठी-कोकणी बोलणारे मुसलमान, इमामवाड्याकडे इराणी, आणि मशीद बंदरच्या बाजूला घरात मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू, ज्यांचं १७९६ चं सिनेगॉग अजून तिथे आहे. बिजनोरकडून आलेल्या तीन भावांनी इथे राहून गाणं शिकवलं, त्यातून भेंडीबाजार घराणं झालं आणि गोव्याच्या एका गायिकेनेही इथेच तालीम घेतली. मग १८९६ चा प्लेग मांडवीतून सुरू झाला, १८९८ ला शहर सुधारायला एक संस्था नेमली गेली आणि तिने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले. जुना काळ एवढ्यावर आटपू, कारण खरी गोची त्यानंतरची आहे.

गोची म्हणजे भाडं. १९४७ च्या कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. फाळणीचे दिवस, घरांची मारामार, तेव्हा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं चालला. मालकाला महिन्याला जे भाडं मिळायचं त्यात प्लंबर जिन्यापर्यंतसुद्धा आला नसता, मग सागवानी तुळया कोण बदलणार? वरून पाणी मुरतंय, गॅलरी एका बाजूला कललीय, खाली लाकडी टेकू लावलेत आणि त्या टेकूंना दोरी बांधून कपडे वाळत घातलेत, हे दृश्य तिथे कुणाला वेगळं वाटायचंच नाही. दुसरीकडे पागडी, म्हणजे भाड्याची खोली घेताना द्यायची एकरकमी रक्कम, जोरात. खोली हस्तांतर करायची तर त्या रकमेतला साधारण तिसरा हिस्सा मालकाला, बाकी जुन्या भाडेकरूला, आणि कायद्याने गुन्हा असूनही व्यवहार उघड.

मालकांना लोक शिव्या घालतात, भाडेकरूंना फुकटे म्हणतात. मला दोन्ही अर्धवट वाटतं. याच गोठलेल्या भाड्यामुळे अत्तरवाला, हार्डवेअरवाला, शिंपी, कोकणातून आलेला खलाशी एकाच जिन्यावर टिकले. बाजारभाव लागला असता तर निम्मी वस्ती कधीच उठली असती. वस्तीची सरमिसळ टिकली ती यामुळे आणि बिल्डिंगा कुजल्या त्याही यामुळेच.

१९६९ ला सरकारने जुन्या इमारतींवर उपकर (जादा कर) लावून दुरुस्तीचं मंडळ काढलं, यादीत शहरभरच्या १९,६४२ इमारती, त्यातल्या बहुतेक १९४० च्या आधीच्या. एवढ्यांना पैसा पुरणार कुठून! १९९७ ला सुप्रीम कोर्टाने गोठवलेलं भाडं आता रास्त राहिलं नाही असं सांगितलं, २००० ला नवा कायदा लागू झाला, वर्षाला ४ टक्के वाढ. बेस इतका कमी की ४ टक्क्यांनी काय फरक पडणार. मधे ९२-९३ च्या दंगली झाल्या आणि बरीच कुटुंबं मुंब्रा, मीरा रोडला गेली.

२००९ ला क्लस्टरचा, म्हणजे बऱ्याच जुन्या इमारती एकत्र पाडून नव्याने बांधायचा नियम आला आणि बोहरी समाजाच्या एका ट्रस्टने साडेसोळा एकर, जवळपास अडीचशे इमारती एकदम हातात घेतल्या. माणशी नाही, खोलीमागे किमान ३५० चौरस फूट, मालकी हक्काने, फुकट. लोकांना माझगावला अंजीरवाडीत तात्पुरतं हलवलं. काही हलले, काही अडून बसले, आणि ३१ ऑगस्ट २०१७ ला पाकमोडिया स्ट्रीटवरची प्रोजेक्टमधलीच एक जुनी इमारत सकाळी कोसळली, ३३ माणसं गेली. दोष कुणाचा यावर तेव्हा बरंच भांडण झालं. पण घरं हवी तर खाली करणं भाग आणि खाली केली तर परत मिळतील याची खात्री नाही, या भीतीला गोठलेल्या भाड्याच्या काळातले अनुभवच कारण होते असं माझं मत.

२०२० ला पहिले दोन टॉवर झाले. लिफ्ट आहे, घरात संडास आहे, हे कमी नाही. पण फुकट घराची पात्रता ठरते १३ जून १९९६ आधीच्या भाडेपावतीवर. कारखान्यात दिवसा काम करून रात्री त्याच माळ्यावर झोपणाऱ्या यूपी-बिहारच्या पोरांच्या नावावर पावती कुठून असणार, त्यामुळे या सगळ्या हिशोबात ते नाहीतच.